पाण्याआधी

“श्वास मोकळा राहील एवढं सैल, आणि बाळ घसरणार नाही एवढं घट्ट,” सिस्टर म्हणाली. “जमेल ना?”

मी मान हलवली. माझं बाळ तिच्या ओंजळीत मावत होतं. सातव्या महिन्यातच झालेलं, अंगावर मांस नाही, कातडी पाठीवर चुण्या पडून गोळा झालेली. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात काचेची पेटी नव्हती. सिस्टर म्हणाली, आता आईच पेटी. तिने त्याला माझ्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, पाय बेडकासारखे दुमडले, मान एका कुशीला वळवली आणि हात पुढे केला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिच्या हातात धडपा दिला. त्यांच्याच जुन्या इरकली लुगड्याचा अर्धा तुकडा, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. सिस्टरने तो बाळावरून घेऊन माझ्या पाठीमागे फिरवला, पुढे आणला आणि गाठ मारली.

“पाजताना वरची गाठ सैल करायची, बाळाला जरा खाली सरकवायचं. पोट भरलं की परत वर ओढून गाठ पक्की. खाली ठेवायचंच नाही. तुम्ही दमलात की आजींनी बांधायचं. आणि हे गळ्यातलं लॉकेट काढून ठेवा. बाळाला टोचतं, गार लागतं.”

“लॉकेट न्हवं ते,” आत्याबाई म्हणाल्या.

“जे असेल ते. महिन्याभराने घाला परत.”

“बाई, तुझं काळीज तू काढून ठिवतीस का, छातीला टोचतंय म्हणून?”

सिस्टर हसली. आत्याबाई हसल्या नाहीत.

ते माझं इष्टलिंग होतं, चांदीच्या चौकीत, म्हणजे लहानशा डबीत, घातलेलं. आमच्यात गुरू आपल्या हाताने ते गळ्यात बांधतात आणि मग श्वास असेपर्यंत ते अंगावरून उतरत नाही. रोज ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, आणि त्यानंतरच पाण्याचा पहिला घोट. माझ्या माहेरी एवढं कडक नव्हतं. माझी आई चहा घेऊनच पूजेला बसायची. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, “आधी ते, मग पाणी. तान्हेलीस तरी, तापानं फणफणलीस तरी.” मी तो नेम धरला आणि मला तो आवडलाही. पहाटे सगळं घर निजलेलं असताना हातावर तेवढाच एक काळा दाणा, आणि आपण.

शेवटी तोड आत्याबाईंनीच काढली. त्यांनी माझ्या चौकीतून लिंग काढलं, मऊ वस्त्रात गुंडाळलं आणि दोऱ्याने माझ्या दंडाला बांधलं. “बेंबीच्या वर कुठंबी चालतंय,” त्या म्हणाल्या. मग सिस्टरला म्हणाल्या, “झालं का तुझं समाधान?”

“माझं झालं. बाळाचं बघा,” सिस्टर म्हणाली. “आणि आजी, रडतंय तोवर चांगलं. रडायचं थांबलं आणि दूध ओढेना झालं, तर मात्र उचलून इकडे पळत या.”

वैशाखात आम्ही गावी आलो. पत्र्याच्या घरात दुपारी श्वास घेववत नसे, पण बाळाला ऊब लागतच होती. दिवसा बहुतेक मी बांधायचे. मी नहायला, जेवायला गेले की आत्याबाई बांधत. त्या आपलं लिंग चौकीसकट पाठीवर सारत, छाती मोकळी करत आणि भिंतीला टेकून बसत. मामंजी त्यांना चिडवत, “गंगे, वैजूला कवा असं धरली न्हाईस गं.”

“वैजू म्हशीच्या पारडासारखा झाल्ता. त्याला बांधायला दावं लागत हुतं.”

वैजू म्हणजे आमचे हे. तेही हसत. त्या दिवसांत घरात हसू होतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. बाळ डोळे उघडायला लागलं होतं. माझ्या दुधाची धार त्याला सोसत नसे, ठसका लागे, एवढं दूध होतं.

एका सकाळी मी पूजेला बसले. बाळ आत्याबाईंकडे दिलं, पदर सारला, आणि दंडावर हात नेला तर दंड मोकळा. दोऱ्याचा नुसता काळा वळ उरला होता.

आधी वाटलं, धडप्यात असेल. धडपा झटकला. अंथरूण झटकलं. बाळाची दुपटी एकेक करून उलगडली. मग मी आत्याबाईंपुढे जाऊन उभी राहिले. मोकळा दंड पुढे केला. त्यांनी माझ्या दंडाकडे बघितलं आणि त्यांच्या ओठांचा रंगच गेला.

“कवा बघितलंस शेवटचं?”

“काल सांजच्या पूजेला. नंतर न्हाणीत गेले होते, तेव्हा दोरा ओलाच—”

यांनी न्हाणीच्या मोरीतला गाळ काढून चाळणीने चाळला. मामंजींनी अंगणातला कचरा, चुलीतली राख, गोठ्याच्या वाटेवरची माती पालथी घातली. शेजारच्या शिवकांताबाई आल्या, त्यांनीही हात लावला. उन्हं डोक्यावर आली तरी सापडलं नाही.

मी तांब्याकडे बघत होते. घसा कोरडा पडला होता. आत्याबाईंनी ते ओळखलं.

“मिळंपर्यंत पाणी न्हाई,” त्या म्हणाल्या. आवाज चढवून नाही. सण कुठल्या वाराला आहे ते सांगावं, तसं.

“गंगे, बाळंतीण हाय ती,” मामंजी म्हणाले. “घोटभर पाण्यानं काय हुतंय?”

“तुमी मधी पडू नका. लिंग गेलं म्हंजी जीव गेला. जीव गेलेलं माणूस पाणी पितंय का?”

“मग स्वामींकडनं दुसरं घेऊ की,” हे म्हणाले. “मी जातो मठात.”

मठ कोसभर लांब, माळावर. हे सायकलवरून गेले आणि तासाभराने घामाने निथळत परत आले. स्वामी कर्नाटकात कुणाच्या तरी पट्टाभिषेकाला गेले होते. दोन-चार दिवसांत येतील, एवढंच मठातल्या सेवेकऱ्याला माहीत होतं.

शिवकांताबाई म्हणाल्या, “पलीकडच्या गावात एक जंगम हायेत. त्यांच्याकडनं बांधून घ्या.”

“गुरू बदलायचा?” आत्याबाईंनी विचारलं. “मग आईबी बदलावी लागंल.”

आमच्या घरात त्यांचा शब्द मामंजीसुद्धा ओलांडत नसत, आणि त्यांचा शब्द त्या स्वतःसुद्धा ओलांडत नसत. एकदा चिकुनगुन्यासारख्या तापात त्या दोन वेळा बेशुद्ध पडल्या होत्या. तोंडाला लावलेलं पाणी दातांनी अडवून त्यांनी आधी हातावर लिंग मागून घेतलं होतं. म्हणून मी हट्ट केला नाही. मलाही आतून तेच वाटत होतं, की पाणी घशाखाली उतरणारच नाही.

दुपारी बाळ चुळबुळलं. मी गाठ सैल करून त्याला खाली घेतलं. त्याने ओढलं, पुन्हा ओढलं, तोंड सोडलं आणि मांजराच्या पिल्लासारखं रडलं. दुसऱ्या बाजूला घेतलं. तिथेही थोडंसं आलं आणि थांबलं. मी दाबून बघितलं. वाटीच्या तळाशी ठिपका पडला.

“आत्याबाई, दूध येईना झालंय.”

“मला दिसतंय. मला डोळे हायेत.”

त्या उंबऱ्यात बसून होत्या. शिवकांताबाईंनी शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने द्यायचं म्हणून आणलं. बाळाने ते गिळलं आणि सगळं ओकून टाकलं. त्यानंतर ते पुन्हा स्तनाला लागलं, चार-सहा वेळा ओढलं आणि मग ओढायचंच सोडून दिलं. रडायचंही सोडलं. गाल माझ्या छातीवर तसाच टेकलेला, तोंड अर्धवट उघडं.

“रडेना झालंय,” मी म्हणाले.

हे उठून उभे राहिले. “गाडी बघतो. दवाखान्यात न्यायचं.”

“दवाखान्यात काय करत्याल?” आत्याबाई म्हणाल्या. “तिथं पेटी न्हाई. पेटी ही हाय. हिलाच पाणी न्हाई.” मग त्या माझ्यापाशी आल्या. वाकून बाळाच्या नाकाशी गाल नेला. बराच वेळ तशाच होत्या. उठताना गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “मी मठात जाऊन बघते. आले असत्याल.”

“एवढ्या उन्हात? मी जातो परत,” हे म्हणाले.

“तू गेलास, तुला न्हाई भेटले. मला भेटत्याल.”

डोक्यावर पदर घेऊन त्या एकट्याच गेल्या. मी बाळाच्या तळपायाला टिचक्या मारत बसले. टिचकी मारली की ते एकदा ओठ हलवी, पुन्हा थांबे. मामंजी दारात येरझाऱ्या घालत होते आणि दर खेपेला माझ्याकडे न बघता विचारत होते, “हाय नव्हं?”

“आहे.”

सांजवात लावायच्या सुमाराला त्या परत आल्या. त्यांच्या मुठीत बेलाच्या पानांत, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“भेटले,” त्या म्हणाल्या. “वाटंतच भेटले. गाडी बदलायला उतरले हुते, तसेच म्होरं गेले. बाळंतिणीनं उन्हात यायचं न्हाई म्हणाले. तुमच्या हातानं बांधा, माझी आज्ञा हाय म्हणाले.”

त्यांनी माझ्या गळ्यात दोरा बांधला. गाठ दुसऱ्या खेपेला बसली. मला वाटलं, चालून आल्या म्हणून. मी हातपाय धुऊन बसले, वस्त्र सोडलं, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. ते ऊबदार होतं. मला वाटलं, उन्हातून आणलंय. माझ्या जुन्याहून ते किंचित जड होतं, आणि पाठीला इतकं गुळगुळीत की विभूती बोटाखालून निसटत होती.

“झाली पूजा?”

“झाली.”

“पी आता. पोटभर पी.” त्यांनी स्वतः तांब्या माझ्या तोंडाला लावला. मी पीत होते आणि त्या बघत होत्या. तांब्या संपला, तशी त्यांनी दुसरा भरला. पुढे पेज दिली, खारीक उगाळून दिली. पहाटेच्या आत मला पान्हा फुटला. मी बाळाचं तोंड बोटाने उघडून थेंब पाडत राहिले आणि उजाडताना त्याने पहिल्यांदा ओढलं. मग रडलं. त्या रडण्यावर मामंजी लहान मुलासारखे टाळ्या वाजवत अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी खुणेनेच सांगितलं, की मौन धरलंय. नातू वाचला म्हणून. मामंजी म्हणाले, “देवा, चाळीस वर्सांत पयल्यांदा घर निवांत!” त्यांनी नुसते डोळे वटारले.

त्या देवघराचं दार लावून पूजा करत. फराळही तिथेच करते, अशी खूण केली. मी पेल्यात पाणी, कधी ताक नेऊन देई. त्या दाराच्या फटीतून घेत आणि थोड्या वेळाने रिकामा पेला बाहेर ठेवत. आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. अशी अनुष्ठानं त्या नेहमी करत.

बाळ मात्र त्या पहिल्यापेक्षा जास्त वेळ बांधून घेऊ लागल्या. मी झोपावं, पाणी प्यावं, दूध साठावं म्हणून. त्यांच्या छातीवर ते विलक्षण शांत झोपे. एकदा त्यांच्याकडून घेताना माझा हात त्यांच्या गळ्याला लागला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि एवढ्या उकाड्यात घामाचा टिपूस नाही.

“आत्याबाई, ताप आलाय तुम्हाला.”

त्यांनी बाळाकडे बोट दाखवलं आणि तळहाताने खूण केली. ऊब आहे, बरंच आहे. ओठांना चिरा पडल्या होत्या. मी तूप आणून लावलं. त्यांनी लावू दिलं. मग माझ्या हनुवटीला हात लावला. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोक्यावरून नहायला गेले. केसांचं पाणी झटकत बाहेर आले तर बाळ रडत होतं. चांगलं खणखणीत रडत होतं. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात बाळाच्या पाठीवर. रडतंय तरी त्या थोपटत नव्हत्या.

“आत्याबाई, द्या इकडं. भूक लागलीय त्याला.”

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. मान माझ्या हातावर आली.

अंग अजून कढत होतं. मी हाका मारल्या. मामंजी धावत आले, हे आले. गाठ कुणालाच सुटेना. श्वास मोकळा राहील एवढी सैल आणि बाळ घसरणार नाही एवढी घट्ट, तशीच त्यांनी मारलेली. शेवटी मी खाली बसून दातांनी सोडली. बाळाला काढलं, तिथेच पाठ फिरवून छातीला लावलं. ते गटागटा पीत होतं. माझ्या पाठीमागे मामंजी म्हणत होते, “गंगे, अगं गंगे, बोल की. सोड की आता ते मौन.”

आमच्यात गेलेल्या माणसाला बसवतात. हातावर लिंग ठेवतात आणि तसंच मातीला देतात. आत्याबाईंना हिरवं लुगडं नेसवून, कपाळाला विभूती लावून भिंतीशी बसवलं. स्वामी त्याच दिवशी सकाळी परतले होते. निरोप मिळाला तसे आले. बाळासाठी लिंग आणायचं म्हणून मामंजींनी बाळ जन्मल्यावरच सांगून ठेवलं होतं. तेही त्यांच्या झोळीत होतं.

पूजा मांडून त्यांनी आत्याबाईंच्या गळ्यातली चौकी उघडली आणि थांबले.

“वैजनाथ, दिवा जवळ आण.”

यांनी समई जवळ धरली. चौकीत बेलाचं वाळलेलं पान होतं आणि पानात विभूतीची गोळी. एवढंच.

“लिंग कुठाय?” स्वामींनी विचारलं.

मामंजी म्हणाले, “हिचं कसं हरवंल? सुनंचं हरवल्तं. तुमी दिलंत की ते नवं, त्याच दिशी, वाटंत.”

“मी आज सकाळी गावात पाय ठेवला, शरणाप्पा. मी कुणाला लिंग दिलं नाही.”

माझा हात गळ्याशी गेला. जडपणा, तो गुळगुळीतपणा. चाळीस वर्षं एकाच अंगठ्याखाली झिजलेलं. मी देवघराकडे बघितलं. पलीकडच्या भिंतीतली लहान खिडकी उघडी होती. मी तिच्यापाशी गेले. खिडकीखाली परसात बेलाचं एक रोप होतं. वैशाखात सगळं परस करपलेलं, आणि त्या रोपाच्या बुडाशी माती ओली, शेंड्याला पोपटी पानं फुटलेली. पाण्याचे, ताकाचे सगळे पेले तिथे गेले होते.

परत येऊन मी बाळाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दोरा सोडायला लागले.

“काय करतेस?” स्वामी म्हणाले.

“त्यांचं आहे. त्यांच्या हातात—”

“थांब. आज पाणी प्यालीस का?”

“प्याले.”

“कशानंतर?”

“पूजेनंतर.”

“कोणाची पूजा केलीस? ह्याचीच ना?”

“हो.”

“बाळाला पाजलंस?”

“पाजलं.”

त्यांनी आत्याबाईंच्या कपाळावरची विभूती नीट केली. मग म्हणाले, “तिनं गुरूचं नाव घेऊन खोटं सांगितलं. आता ते खरं करायचं माझ्याकडे आलं. माझी आज्ञा आहे. ते तुझ्याच गळ्यात राहील.”

“मग हिला मोकळ्या हातानं धाडायचं व्हय?” मामंजींचा आवाज फाटला. “चाळीस वर्सं पाण्याआधी हातावर घेतलं तिनं. तिचा हात मोकळा?”

स्वामींनी झोळीत हात घातला. बाळासाठी आणलेलं लिंग काढलं. ते लहान होतं, हरभऱ्याएवढं. त्यांनी ते आत्याबाईंच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि एकेक करून त्यांची बोटं मिटवली. “नातवाचं आहे, गंगाबाई,” ते म्हणाले. “सांभाळा.”

तेवढ्यात माझ्या छातीशी बाळ चुळबुळलं. मी कोपऱ्यात गेले. धडपा तिथेच पडला होता. मी त्याला बांधलं, वरची गाठ सैल केली आणि पाजलं. बाहेर टाळ वाजायला लागले होते.

माझं लिंग पुढे कधीच सापडलं नाही.

ह्याला आता कितीतरी वर्षं झाली. मामंजी गेले. बाळाचं नाव मन्मथ ठेवलं. त्याचं लिंगधारण स्वामींनी पुढल्या वर्षी केलं. बेलाचं झाड छपराच्या वर गेलं आहे. गेल्या महिन्यात मन्मथची बायको स्नेहल बाळंत होऊन घरी आली. तिच्याकडे पुण्याहून मागवलेला बाळ बांधायचा लांब मऊ कपडा आहे, निळा, त्याच्याबरोबर चित्रांचा कागदही आला होता. पहिल्या दिवशी तिची गाठ जमेना, तेव्हा मी बांधून दिली.

“आई, तुम्हाला कसं येतं हे?” तिने विचारलं.

“येतं,” मी म्हणाले.

पहाटे ती पाजायला उठते, तेव्हा मी पेला भरून तिच्याकडे नेते. ती रोज संकोचते.

“तुमची पूजा व्हायचीय ना अजून? तुम्ही पाणी घेतलं नाहीत आणि मी आधी—”

“तू पी.”

“ठेवा तिथे. पिते नंतर.”

“आत्ता पी. माझ्यासमोर.”

मी तिथेच उभी राहते. ती पिते, घोट घशाखाली उतरताना दिसतो, पेला तिच्या तोंडाने रिकामा होतो. मग मी तो हातात घेते, पालथा करून बघते आणि देवघरात जाऊन पूजेला बसते.